नियमात न बसणारं गाव

१८०० साली व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत २०,५२३ माणसं राहत होती. १९४० साली २०,२९१. या एकशे चाळीस वर्षांत अमेरिकेची लोकसंख्या पन्नासेक लाखांवरून तेरा कोटींवर गेली आणि राजधानीच्या जवळच असलेल्या या काउंटीत मात्र २३२ माणसं कमी झाली. पुढच्या ऐंशी वर्षांनी, २०२० च्या जनगणनेत, तिथेच ४,२०,९५९ माणसं मोजली गेली. वीसपटींहून जास्त.

त्या शेवटच्या आकड्यात आमचं घरही आहे. आम्ही काउंटीच्या पूर्व भागात, अ‍ॅशबर्नला राहतो. आमच्या टाउनहाऊसच्या जागी पूर्वी दुभत्या गाईंचं कुरण होतं. माझ्या बायकोला पश्चिमेकडच्या वॉटरफर्ड गावाचं वेड आहे. तिथे ती हौसेनं येणाऱ्याजाणाऱ्यांना गाव दाखवते. धाकटा भाऊ पुण्याचा, नगररचनेच्या नोकरीतून निवृत्त झालेला, काही आठवडे राहायला आला होता. जुनी घरं या विषयावर दोघांची मतं जुळणार नाहीत हे मला ठाऊक होतं, पण इतकी जुळणार नाहीत हे नव्हतं. वाद गाडीत सुरू झाला आणि जेवणाच्या टेबलापर्यंत चालला. मी गाडी चालवत होतो, नंतर भात वाढत होतो. लिहिताना दोघांची नावं ती एकमेकांना हाक मारतात तीच ठेवतो.

भाऊजी : गाव देखणं आहे, वहिनी, त्यात वाद नाही. दगडी घरं, विटांची घरं, उताराचा रस्ता, खाली गिरणी. पण तुम्ही मघाशी त्या पाहुण्यांना सांगत होतात की लोकांनी प्रेमानं जपलं म्हणून हे टिकलं. ते मला नाही पटलं. टिकलं ते इथे कुणी फिरकलं नाही म्हणून.

वहिनी : फिरकलं नाही कसं? १७३३ मध्ये एमॉस जॅनी पेनसिल्व्हेनियातून इथे आला. क्वेकर पंथाचा माणूस. त्याच्या मागून बाकीचे क्वेकर आले, जर्मन शेतकरी आले. गिरणी आली, मग चांभार, लोहार, सुतार, दुकानदार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे चांगलं गजबजलेलं बाजाराचं गाव होतं.

भाऊजी : आणि मग?

वहिनी : मग यादवी युद्ध.

भाऊजी : युद्धाच्या आधीच लोक निघाले होते. आकडे बघा ना. दादानं कागदावर काढून दिलेत. १८२० ला २२,७०२, १८४० ला २०,४३१. युद्ध १८६१ चं. तोवर इथली मुलं ओहायोला पोचली होती. जमीन तंबाखूनं खाल्लेली, गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या शेतीशी क्वेकरांचं जमेना, आणि पश्चिमेला नवी जमीन स्वस्त. कुठलाही समंजस तरुण काय करेल?

वहिनी : तुम्ही अर्धंच सांगता. तंबाखूनं खाल्लेली जमीन इथल्याच माणसांनी सुधारली. जॉन बिन्स नावाच्या इथल्या शेतकऱ्यानं १८०३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जिप्समची भुकटी टाका, क्लोव्हरचं गवत लावा, नांगर खोल घाला. पुढे त्याला लाउडन पद्धत असंच नाव पडलं. गहू पिकला म्हणून गिरण्या चालल्या, आणि गिरण्या चालल्या म्हणून तुम्ही आज बघितलीत ती घरं विटांची झाली. पडीक मुलखात कुणी विटांचं दुमजली घर बांधत नाही.

(हे बरोबर होतं. भावानं मान हलवली आणि लगेच दुसऱ्या बाजूनं आला. नोकरीत त्यानं फायली अशाच चालवल्या असणार.)

भाऊजी : बरं, बांधली. पाडली का नाहीत, हा माझा प्रश्न आहे. जे गाव वाढतं ते स्वतःची जुनी घरं पाडतं. नवा पैसा येतो, माणूस जुनं लाकूड उपटून नवं बसवतो, खिडक्या मोठ्या करतो, वर मजला चढवतो. रेल्वे वॉटरफर्डला आली नाही, काही मैल दक्षिणेकडून गेली. बाजार तिकडे सरकला. गिरण्यांचा धंदा बसला. इथल्या लोकांकडे घर पाडून नवं बांधायला पैसेच नव्हते. गरिबीनं जपलेलं गाव आहे हे. प्रेम नंतर आलं, आणि ते शहरातून आलं.

वहिनी : शहरातून नाही, इथल्याच चेंबरलिन भावांकडून. १९३० च्या दशकात त्यांनी पडायला आलेली घरं एकेक करून घेतली आणि दुरुस्त केली. १९४३ मध्ये वॉटरफर्ड फाउंडेशन निघालं. १९४४ पासून जत्रा भरते, विणकर, कुंभार, सुतार यांची. तिकिटाच्या पैशातून घरं दुरुस्त व्हायची. तुमचं म्हणणं अर्धं मान्य करते. कित्येक वर्षं कुणी हात लावला नाही म्हणून ती उभी राहिली. पण भाऊजी, हात न लावता घर उभं राहतं ते छपराला भोक पडेपर्यंत. पुढे कुणीतरी शिडी लावावी लागते.

इथे मला वाटतं बायको जिंकली. त्या गावात मी एक घर पाहिलं होतं. बाहेरून फळ्या मारलेलं, साधं, पांढरं. आत भिंत उघडी केली तर ओंडके, कुऱ्हाडीनं तासलेले, आणि त्यांच्या सांध्यांत माती-चुना भरलेला. पहिल्या पिढीनं ओंडक्यांचं घर बांधलं, दुसऱ्या पिढीला त्याची लाज वाटली, तिनं वरून फळ्या ठोकल्या. त्या फळ्यांनीच आतलं लाकूड वाचवलं. गरिबी, लाज, हौस, आळस, या सगळ्यांनी मिळून जुनं घर टिकतं. पण असं सगळ्यांना श्रेय वाटलं तर कुठल्याच संस्थेची देणगीची पावती फाटणार नाही.

भाऊजी : आता मूळ मुद्द्यावर येतो. १९६२ मध्ये काउंटीच्या पूर्व टोकाला डलस विमानतळ सुरू झाला. त्याच सुमारास स्टर्लिंग पार्कची वसाहत उठली, फटाफट बांधलेली घरं, नोकरदार कुटुंबांना परवडणारी. १९६० ला काउंटीत २४,५४९ लोक होते, १९९० ला ८६,१२९, २००० ला १,६९,५९९, २०१० ला ३,१२,३११. एवढी माणसं कुठेतरी राहणार. आणि काउंटीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग तुम्ही ग्रामीण म्हणून कुलूप लावून ठेवलाय.

वहिनी : तुम्ही म्हणजे कोण? मी लावलं कुलूप?

भाऊजी : काउंटीनं लावलं. तुम्ही किल्ली सांभाळता.

वहिनी : आणि स्टर्लिंग पार्कचं एवढं कौतुक करताय, तर हेही सांगा की पहिली काही वर्षं तिथे काळ्या माणसाला घर विकत मिळत नव्हतं. दारात निदर्शनं करावी लागली. वाढ म्हणजे सगळ्यांना घर, असं इथे आपोआप कधीच झालेलं नाही. विमानतळाचं घ्या. जवळजवळ दहा हजार एकर जमीन घेतली. त्या जमिनीवर विलर्ड नावाची वस्ती होती, बरीचशी काळ्या कुटुंबांची. यादवी युद्धानंतर पैपै जमवून घेतलेल्या जमिनी. १९५८ मध्ये सरकारी नोटिसा आल्या. घरं पाडली, काही जाळून टाकली. आज त्या जागी धावपट्टी आणि पार्किंग आहे. तुम्ही त्याच धावपट्टीवर उतरलात.

भाऊजी : माझ्याच बाजूचा पुरावा देताय, वहिनी. वॉटरफर्डला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला १९७० मध्ये. विलर्डला काय मिळालं? एक पाटी? विटांचं घर असेल तर वारसा, लाकडी खोपट असेल तर मोकळी जागा. जपणूक कुणाची करायची हे ज्याच्याकडे वेळ आणि वकील आहे तो ठरवतो.

वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. तिच्याकडे उत्तर होतं, पण ते कुठून सुरू करावं हे ठरत नसावं.

वहिनी : म्हणूनच मी तिथे उभी राहते. १८६० च्या जनगणनेत या काउंटीत २१,७७४ माणसं होती, त्यातली ५,५०१ गुलाम. चारात एक. ओटलँड्सच्या त्या खांबांच्या बंगल्याला लोक लग्नाचे फोटो काढायला जातात. तो जॉर्ज कार्टरचा मळा. तिथे शंभराहून अधिक माणसं गुलामीत होती, काउंटीत इतकी दुसरीकडे कुठेच नव्हती. हे मला कुठे कळलं? घर उभं होतं म्हणून कळलं. घर नसतं तर तो आकडा कागदात राहिला असता आणि कागद कोण वाचतो? वॉटरफर्डमध्ये मी पाहुण्यांना पहिल्यांदा नेते ते कुठल्या विटांच्या घरात नाही. सेकंड स्ट्रीटवरच्या एका खोलीच्या शाळेत. मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी क्वेकरांच्या मदतीनं १८६७ मध्ये ती बांधली. युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि त्यांनी आधी शाळा बांधली. आणि अर्कोलाला, आपल्या घरापासून फार लांब नाही, गुलामांच्या राहण्याची दगडी खोल्यांची इमारत उभी आहे. काउंटीनं ती सांभाळली. चहूकडे बांधकाम उठतंय, मधे ती. ती विटांची हवेली नाही, भाऊजी. ती का पाडली नाही सांगा.

भाऊजी : ती पाडू नये, यात आपण एक आहोत. एक इमारत वाचवायला मी कधीच नाही म्हणालो नाही. मी म्हणतो, इमारत वाचवा, तिच्याभोवतीची शेकडो एकर जमीन वाचवायच्या नावाखाली माणसांना बाहेर ठेवू नका.

वहिनी : गाव म्हणजे नुसत्या इमारती नाहीत. वॉटरफर्डच्या खाली ते कुरण दिसलं ना, गिरणीच्या ओढ्यालगत? फिलिप्स फार्म, सुमारे १४४ एकर. तिथे घरांची वसाहत होणार होती. फाउंडेशननं २००३ मध्ये निधी जमवून ती जमीन घेतली आणि बांधकामाचा हक्क कायमचा सोडून दिला. ते कुरण गेलं असतं तर गाव ही नुसती एक गल्ली उरली असती. गिरणी का इथे आहे, रस्ता का वळतो, घरं का चढावर आहेत, यातलं काहीही नवख्याला कळलं नसतं.

भाऊजी : आणि बांधकामाचा हक्क सोडणाऱ्याला करात सवलत मिळते. हेही सांगता का पाहुण्यांना?

वहिनी : विचारलं तर सांगते.

(हा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. व्हर्जिनियात जमीनमालक लेखी करार करून आपल्या जमिनीवर पुढे घरं न बांधण्याचं बंधन स्वतःवर आणि पुढच्या सगळ्या मालकांवर घालू शकतो. याला इथे इझमेंट म्हणतात. बदल्यात जमिनीची जी किंमत घटते, तिच्या काही भागाइतकी करसवलत राज्य देतं. ज्याच्याकडे मोठी जमीन आणि मोठा प्राप्तिकर दोन्ही आहे, त्याला ही गोष्ट चांगलीच मानवते. ज्याच्याकडे फक्त जमीन आहे, अशा म्हाताऱ्या शेतकऱ्याला ही सवलत दुसऱ्याला विकता येते, पण पूर्ण किमतीला नाही.)

भाऊजी : आता माझा खरा आक्षेप ऐका. पश्चिमेकडच्या ग्रामीण भागात नियम काय आहे? मी वाचून आलोय. उत्तरेकडच्या पट्ट्यात वीस एकराला एक घर, दक्षिणेकडे चाळीस एकराला एक. घरं एका कोपऱ्यात गोळा केली तर सूट. बरोबर?

वहिनी : बरोबर. आणि हा नियम फुकट मिळालेला नाही. २००३ मध्ये कडक नियम केला, जमीनमालक कोर्टात गेले, २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, कारण लोकांना दिलेली जाहीर सूचना पुरेशी नव्हती. मग पुन्हा तीन एकराला एक घर. त्या काळात किती आराखडे घाईघाईनं मंजूर करून घेतले गेले! २००६ मध्ये परत नवा नियम करावा लागला.

भाऊजी : म्हणजे आज एमॉस जॅनी इथे आला आणि म्हणाला, मला गिरणी टाकायचीय, तिच्याजवळ लहान लहान तुकडे पाडून कारागिरांना घरं द्यायचीत, भिंतीला भिंत लागून, दार थेट रस्त्यावर. तर तुमची काउंटी त्याला काय सांगेल?

वहिनी : ...

भाऊजी : सांगेल, वीस एकराला एक घर बांध. जे गाव तुम्ही जपताय ते आज बांधायला नियमात परवानगी नाही. आणि ते जपण्यासाठीच केलेल्या नियमात नाही. त्या वीस एकरांवर मग काय होतं ते येताना आपण बघितलं. मोठं फाटक, लांब रस्ता, आत तीन गाड्यांच्या गॅरेजचा बंगला, पुढे घोड्यासाठी पांढरं कुंपण. याला तुम्ही ग्रामीण म्हणता. पाच एकराचा शेतकरी आणि भाड्यानं राहणारी शिक्षिका, दोघंही यात बसत नाहीत. जी माणसं जुन्या गावात खरोखर राहत होती, चांभार, विणकर, मोलकरणी, त्यांच्यासारखी आजची माणसं वेस्ट व्हर्जिनिया राज्यातून दीड दीड तास गाडी चालवत कामाला येतात.

हा मुद्दा बिनतोड होता. वॉटरफर्डचं सौंदर्य दाटीचं आहे, मोकळ्या जागेचं नाही. दोन घरांमधून माणूस जेमतेम जाईल एवढी फट, तिच्यातून मागची बाग दिसते, बागेपलीकडे एकदम शेत. दाटी आणि शेत यांच्यामधली ती रेघ फार नेमकी आहे. विसाव्या शतकातल्या अमेरिकेनं दाटीही पुसली आणि शेतही पुसलं, मधलं काहीतरी सगळीकडे पसरलं. आमचं अ‍ॅशबर्न हे त्या मधल्याचंच एक अंग. हे मला मनातल्या मनात कबूल होतं. बायकोलाही असावं, पण ती दिरासमोर इतक्या लवकर कबूल करणारी नव्हे.

वहिनी : गावांच्या आत थोडी मोकळीक आहे. रिकामे तुकडे भरता येतात, काउंटीच्या समितीला नकाशा दाखवून. पण तुम्ही नकाशावर गाव काढता, पाणी कुठून आणणार? पश्चिमेकडे बहुतेक घरांना स्वतःची विहीर आणि स्वतःची सेप्टिकची टाकी. शंभर घरं दाटीनं बांधलीत तर मैलापाणी प्रक्रिया केंद्र लागेल. ते आलं की दुसरा येईल आणि म्हणेल, केंद्र आहेच, अजून चारशे बांधू. पूर्वेला असंच झालं. जुन्या लोकांना विचारा. अडीचशे मैलांहून जास्त कच्चे रस्ते अजून इकडे उरलेत, खडीचे. काही तर क्वेकरांच्या वेळचे. एक डांबरी झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या लागतात.

भाऊजी : थोडक्यात, एकदा दार उघडलं की बंद करता येत नाही, म्हणून उघडायचंच नाही. आणि तुम्ही स्वतः त्याच दारातून आलात. तुमच्या घराखालच्या गाई कुठे गेल्या?

वहिनी : ते मी रोज ऐकते, भाऊजी. सभेला गेलं की कुणीतरी म्हणतंच, तुम्ही आलात तेव्हा चाललं, आता नको? आणि म्हणणारा बहुतेक आपल्यासारखा नसतो, त्याचे पणजोबा इथले असतात. तो मला दोन्हीकडून धरतो. आलीस म्हणून वाढ झाली, आणि आता जपायला निघालीस म्हणून वाढ थांबते. मी त्याला सांगते, तुझ्या पणजोबांची घरं रिकामी पडली तेव्हा तू कुठे होतास? ज्याचं घर त्यानं सोडलं आणि ज्याचं नाही त्यानं जपलं, असं या गावात तीन पिढ्या चाललंय. चेंबरलिन भाऊ सोडले तर फाउंडेशनला हातभार लावणारे पुष्कळ जण बाहेरून आलेलेच. १९९० मध्ये या काउंटीत आशियाई माणूस दिसला तर लोक वळून बघायचे, आज पाच जणांमागे एक आहे. आम्ही इथले म्हणवून घ्यायचं तर इथल्या घरांची उस्तवारही आमच्या वाट्याला येणार. नुसती शाळा चांगली म्हणून घर घ्यायचं आणि बाकीच्याशी देणंघेणं नाही, हे मला नाही जमत.

भाऊ गप्प झाला. मग भाताला तूप घालत त्यानं वेगळाच सूर लावला.

भाऊजी : बरं. पश्चिमेला नको. मग पूर्वेला बांधा. मेट्रो अ‍ॅशबर्नपर्यंत आली ना, २०२२ मध्ये? स्टेशनाभोवती चार-पाच मजली घरं बांधा, लहान, परवडतील अशी. वॉटरफर्डची दाटी तिथे करा. तुमचं गावही वाचेल.

वहिनी : कुठे बांधू? जागा दाखवा. स्टेशनावरून आपण आलो तेव्हा दोन्ही बाजूंना काय दिसलं?

भाऊजी : गोदामं.

वहिनी : गोदामं नव्हेत. डेटा सेंटर. जगात इतकी डेटा सेंटरं एका ठिकाणी दुसरीकडे नाहीत. एकराला काही दशलक्ष डॉलर मोजतात. घरं बांधणारा तेवढे कुठून देणार? तुम्ही आल्यापासून मला सांगताय की जुनी घरं नव्या घरांची जागा अडवतात. मी सांगते, नव्या घरांची जागा अडवतात त्या खिडक्या नसलेल्या इमारती. तिथे शेकडो एकरांवर माणसं नाहीतच, यंत्रं आहेत. मेट्रो स्टेशनच्या शेजारी.

भाऊजी : आणि काउंटीनं हे होऊ दिलं.

वहिनी : आनंदानं होऊ दिलं. आतल्या संगणकांवर कर आहे, शंभर डॉलर किमतीमागे चार डॉलर पंधरा सेंट. ती यंत्रं शाळेत जात नाहीत, रस्त्यावर गर्दी करत नाहीत, आजारी पडत नाहीत. काउंटी स्वतः सांगते की त्यांच्यावर एक डॉलर खर्च केला की सव्वीस डॉलर कर येतो. म्हणून आपल्या घरावरचा कराचा दर वर्षानुवर्षं उतरत गेला, २०२५ मध्ये शंभर डॉलरमागे साडेऐंशी सेंटवर आला. शाळा त्यावर चालतात. आणि खरं सांगू? पश्चिमेकडचं कुरण कुरण राहू शकतं तेही त्यावरच. घरं बांधल्याशिवाय काउंटीचं भागतं म्हणून.

(शाळा आणि कर यांचं गणित उलटं बसतं, हे इथे घर घेताना कुणी सांगत नाही. दोन मुलांचं कुटुंब जेवढा मालमत्ता कर भरतं, त्याहून जास्त खर्च काउंटी त्या दोन मुलांच्या शाळेवर करते. म्हणून प्रत्येक नवं घर अंदाजपत्रकात खड्डा पाडतं आणि काउंटी तो बुजवायला घर सोडून दुसरं काहीतरी शोधत राहते. इथे तिला डेटा सेंटरं सापडली.)

भाऊजी : म्हणजे वॉटरफर्डला डेटा सेंटरं पोसतात.

वहिनी : आणि आता त्यांना वीज हवीय. २०२३ च्या अखेरीला उच्चदाबाच्या तारांचा एक मार्ग निघाला, थेट पश्चिम लाउडनमधून, वॉटरफर्डच्या बाजूनं. गावात जे रणकंदन झालं! मार्ग बदलायला लागला. पण तो प्रश्न मिटलेला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये काउंटीच्या सुपरवायझरांच्या मंडळानं ठरवलं की यापुढे डेटा सेंटर नुसतं झोनिंगच्या हक्कानं बांधता येणार नाही, प्रत्येक अर्ज मंडळासमोर येईल, जाहीर सुनावणी होईल. मी दोन सुनावण्यांना बोलले.

भाऊजी : काय बोललात?

वहिनी : तारा आमच्या गावावरून नेऊ नका.

भाऊजी : आणि स्टेशनाजवळ घरं बांधा, असं?

वहिनी : ते नाही बोलले.

भाऊजी : का?

वहिनी : तीन मिनिटंच देतात.

यावर माझा भाऊ इतका मोठ्यानं हसला की शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून ऐकू गेलं असेल. टाउनहाऊसची भिंत सामाईक असते. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, दादा, तू दिवसभर गाडी चालवलीस, तुझं काय मत?

मला विचारलंच म्हणून सांगितलं. जुनं गाव आणि त्याच्याभोवतीचं शेत एकत्र वाचवावं, हे मला बायकोचं पटतं. त्यातलं एक तोडून दुसरं राहत नाही. पण वीस एकराला एक घर हा वाचवण्याचा नियम नाही, तो श्रीमंतांना विरळ पसरवण्याचा नियम आहे, हे भावाचं पटतं. आणि या सगळ्यात दोघांनीही एक गृहीत धरलंय, की जागा कमी आहे म्हणून कुणीतरी मागे हटलं पाहिजे. लाउडनमध्ये जागा कधीच कमी नव्हती. दीडशे वर्षं माणसं कमी होती, आता पैशाला माणसापेक्षा यंत्र जास्त आवडतं. २०,५२३ ते २०,२९१ या रेघेला कुणी थांबलेला काळ म्हणेल. त्या काळात इथून निघून गेलेल्यांना आणि दक्षिणेत विकल्या गेलेल्यांना तो थांबलेला वाटला नसेल.

बायको म्हणाली, हे सुनावणीत बोलायला ये. भाऊ म्हणाला, तीन मिनिटांत बसणार नाही. तिनं फोन काढून पुढच्या सुनावणीची तारीख शोधली आणि भाऊजींच्या परतीच्या तिकिटाची तारीख विचारली. ती सुनावणीच्या नंतरची निघाली, तेव्हा तिनं वक्त्यांच्या यादीत दोन नावं नोंदवायला घेतली. तिसरं माझं लिहू का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, गाडी कुणीतरी चालवायला हवी.